कोड फोर्क होतो, नाव होत नाही

सबटायटलच्या फाइली वाचणारी एक छोटी पायथन लायब्ररी आता मी सांभाळते. मूळची ती माझी नाही. मी ती कामात वापरत आले होते, आणि एका नव्या मशीनवर ती इन्स्टॉलच होईना. पायथन २ मधला कोड इन्स्टॉल होता होता पायथन ३ मध्ये बदलून घ्यायची एक सोय तिच्या सेटअप फाइलमध्ये वापरली होती, आणि पायथन पॅकेजं बांधणाऱ्या सेटअपटूल्स या साधनाने २०२१ मध्ये ५८व्या आवृत्तीत ती सोयच काढून टाकली. उपाय सरळ होता: तो बदल एकदाच करायचा आणि कोड कायमचा पायथन ३ चा करून टाकायचा. रेपोत, म्हणजे कोड जिथे ठेवलेला असतो तिथे, पाहिलं तर वेगवेगळ्या लोकांनी नेमकं हेच करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्यायच्या विनंत्या, पाठवल्या होत्या. एकीलाही उत्तर नव्हतं.

‘फोर्क कर आणि मोकळी हो’ हा सल्ला मलाही मिळाला. फोर्क म्हणजे कोडची आपली वेगळी प्रत काढून ती पुढे नेणं. परवाना एमआयटी, म्हणजे कोड वापरायची आणि बदलायची मोकळीक देणारा, त्यामुळे कोणाला विचारायचीही गरज नव्हती. पण फोर्कने माझी एकटीची अडचण सुटली असती. बाकीच्यांच्या रिक्वायरमेंट्सच्या, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांच्या, यादीत जुनंच नाव आहे, इतर काही पॅकेजंही त्याच नावावर अवलंबून आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी ही रेपो कधी उघडूनही पाहिली नसेल. दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचायची तर ती पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर, त्याच नावाने जायला हवी.

मालकाचा पत्ता लागत नसेल तर पायपीआयवर नाव मागता येतं. त्याचे नियम पेप ५४१ या पायथनच्या दस्तऐवजात आहेत. वर्षभरात रिलीज नाही, मालकाशी संपर्क होत नाही, प्रकल्पाच्या पानावर त्यांची काही हालचाल नाही, हे सगळं एकत्र असावं लागतं. शिवाय मागणाऱ्याने आपल्या फोर्कमध्ये काम करून दाखवायचं आणि वेगळ्या नावाने का भागत नाही तेही सांगायचं. हे नियम कडक आहेत आणि तसेच राहावेत असं मला मनापासून वाटतं. मला ती वाट धरावी लागली नाही. जुन्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, मालकाचा पत्ता होता, त्यावर मी मेल केली. ‘प्रकल्प मला द्या’ असं त्यात लिहिलं नाही. काय बिघडलंय, माझ्या फोर्कमध्ये मी काय केलंय आणि यापुढे किती वेळ देऊ शकेन एवढंच लिहिलं. उत्तर यायला बराच काळ गेला, पण आलं ते सविस्तर. नोकरी बदलली होती, घरी लहान मूल होतं, आणि न वाचलेल्या इश्यूंच्या, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणींच्या, ओझ्यामुळे ते रेपो उघडायचंच टाळत होते. आनंदाने द्यायला तयार होते.

मीच त्यांना म्हटलं, सगळं एकदम देऊ नका. आधी मला फक्त मर्ज करण्याचा, म्हणजे आलेले बदल कोडमध्ये सामावून घेण्याचा, अधिकार द्या आणि तुम्ही मालक म्हणून राहा.

कारण सांभाळायला येणारा माणूस कोण, हे वापरणाऱ्यांना कधीच दिसत नाही. २०१८ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातल्या इव्हेंट-स्ट्रीम पॅकेजच्या मालकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाला प्रकाशनाचे हक्क दिले. त्याने एक नवी डिपेंडन्सी, म्हणजे सोबत आपोआप येणारं दुसरं पॅकेज, जोडली आणि तिच्यातून कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या वापरकर्त्यांच्या चाव्या चोरण्याचा कोड घुसवला. फाइली आकाराने लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाचं तर त्याहून भयंकर. तिथला माणूस वर्षानुवर्षं खरंखुरं काम करत सह-मेंटेनर, म्हणजे सांभाळणाऱ्यांपैकी एक, झाला, आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधून मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बाहेर पडलं. दूरच्या संगणकावरच्या एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने पाठपुरावा केला, म्हणून ते सापडलं. ते दार उघडणाऱ्या बिल्ड स्क्रिप्टचा भाग गिटमधल्या, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या, कोडमध्ये नव्हताच, तो फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे बांधून दिलेल्या फाइलीत, होता.

हे वाचल्यावर मी ठरवलं की माझ्या लॅपटॉपवरून एकही रिलीज जाणार नाही. पायपीआयवर २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग आहे: रेपोतल्या सार्वजनिक टॅगवरून, म्हणजे खूण केलेल्या आवृत्तीवरून, सीआय ही आपोआप चालणारी यंत्रणा पॅकेज बांधते आणि तीच पाठवते, प्रकाशनाचं कायमचं टोकन, म्हणजे गुप्त किल्ली, कोणाकडेच नसतं. रेपोत काय आहे आणि पॅकेजमध्ये काय आहे हे कोणालाही ताडून पाहता येतं. पहिल्या रिलीजमध्ये इन्स्टॉल होण्यापलीकडे मी काहीही बदललं नाही. नवं काहीतरी द्या म्हणून आग्रह झाला, पण ज्यांनी मला निवडलेलं नाही त्यांच्या मशीनवर माझा पहिला रिलीज कंटाळवाणाच असायला हवा होता.

टेस्ट चालू करणं हे वेगळं काम होतं. त्या नोज या टेस्ट चालवणाऱ्या जुन्या साधनावर लिहिलेल्या होत्या. नोजचा शेवटचा रिलीज २०१५चा, आणि पायथन ३.१० वर ते चालत नाही. सगळ्या पायटेस्ट या दुसऱ्या साधनावर नेल्या.

मग कोडमधली एक विचित्र अट समोर आली. एसआरटी या प्रकारच्या सबटायटल फाइलमध्ये दोन सबटायटलांमध्ये रिकामी ओळ असते. रिकामी ओळ आली की सबटायटल संपलं, असं समजायला हवं. पण इथला कोड तिथे थांबत नव्हता. पुढच्या ओळीत आकडा आहे का, त्याच्या खाली सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळेमधला बाण आहे का, हे पाहूनच तो निर्णय घेत होता. कमिट संदेश होता नुसता ‘फिक्स’. अट काढली तरी सगळ्या टेस्ट पास होत होत्या, आणि एका पुल रिक्वेस्टने ती काढलीही होती, नीटनेटकेपणाने. मी बंद झालेले इश्यू जुन्यापासून वाचत गेले. एकाने फाइल जोडली होती, तिच्यात एका संवादाच्या मधोमधच रिकामी ओळ होती. अट नसती तर पुढची अर्धी ओळ गुपचूप गायब झाली असती. ती फाइल लहान करून मी टेस्टमध्ये घातली, इश्यूचा क्रमांक कॉमेंटमध्ये लिहिला आणि पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला कारण समजावून सांगितलं. त्यानेच नंतर वेळेतल्या स्वल्पविरामाच्या जागी टिंब असलेल्या फाइलींसाठी आणखी टेस्ट लिहून पाठवल्या.

म्हणून जुने इश्यू आपोआप बंद करणारा बॉट मी लावलेला नाही. लायब्ररी अशी का वागते याची बरीचशी कारणं तिथेच आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. उत्तराला वेळ लागतो, तेवढं मी रीडमीत स्पष्ट लिहिलंय.

रेपोत आता हस्तांतराचीही एक फाइल आहे: रिलीज कसा होतो, कोणाकडे कोणता अधिकार आहे, मी गप्प झाले तर कोणाला लिहायचं. डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेज सोडायचं असेल तर तसं जाहीर करण्याची ठरलेली पद्धत आहे, पर्ल भाषेच्या सीपॅन या भांडारावर ‘अडॉप्टमी’ नावाची खूण आहे. आमच्यासारख्या छोट्या प्रकल्पाला निदान एक फाइल तरी हवी. टेस्ट पाठवणाऱ्या त्या मुलाला मर्जचा अधिकार दिलाय. रिलीजचा अजून नाही, आणि का नाही ते त्याला मोकळेपणाने सांगितलंय. पुढच्या आवृत्तीनंतर मी, तो आणि जुने मेंटेनर असे तिघं बसून त्यावर बोलणार आहोत.