टलीहोगची टेकडी आणि ओ'नीलांची गादी

किल्ला बघायला म्हणून जाल तर टलीहोगला तुमच्या हाती काही लागणार नाही. उत्तर आयर्लंडमधल्या कुक्सटाउनजवळची ही टेकडी. पायवाटेने वर गेलं की मातीचे दोन गोल बांध लागतात, एकात एक. बांधांवर मोठी झाडं, आत ओलं गवत. ना बुरूज, ना दरवाजा.

अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतातल्या, ओ'नील घराण्याचा प्रमुख मात्र इथेच गादीवर बसायचा. टेकडी सांभाळायचा मान ओ'हेगनांकडे पिढीजात. नवा प्रमुख दगडी आसनावर बसला की ओ'कॅहन घराण्याचा मानकरी त्याच्या डोक्यावरून चप्पल फेकायचा, अशी परंपरा सांगतात. एवढं झालं की तो 'ओ'नील' झाला. लंडनहून आलेली कुठलीही पदवी लोकांच्या लेखी याच्या खालचीच.

थोरल्या मुलालाच गादी असा नियम नव्हता. घराण्यातल्या कर्त्या पुरुषांतून प्रमुख निवडत. १५४२ मध्ये त्या वेळचा प्रमुख कॉन ओ'नील याने इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाकडून टायरोनचा अर्ल ही पदवी घेतली, वारस म्हणून मुलगा मॅथ्यूचं नाव लागलं, आणि दुसरा मुलगा शेन बिथरला. मग भाऊबंदकीच. मॅथ्यूला शेनच्या माणसांनी मारलं, शेनला १५६७ मध्ये मॅकडॉनेल या दुसऱ्या घराण्याच्या लोकांनी.

मॅथ्यूचा मुलगा ह्यू इंग्रजांच्या आश्रयाने वाढला, त्यांचाच अर्ल झाला, आणि १५९५ मध्ये याच दगडावर बसून ओ'नीलही झाला. १५९८ मध्ये यलो फोर्डला त्याने इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला. तिथे पडलेला सेनापती हेन्री बॅगेनल नात्याने त्याचा मेव्हणा. बॅगेनलची बहीण मेबल घरच्यांच्या मनाविरुद्ध पळून जाऊन ह्यूशी लग्न करून बसली होती. लढाईच्या वेळी ती हयात नव्हती.

१६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत ह्यू इंग्रजांकडून हरला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा सेनापती लॉर्ड माउंटजॉय याने टलीहोगला येऊन ते आसन फोडून टाकलं. बांधावर उभं राहिल्यावर मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. वाडा पाडला तर पुन्हा उभा करता येतो. पुढचा ओ'नील बसणार कुठे? माउंटजॉयने घाव घातला तो नेमका तिथे. रिचर्ड बार्टलेट या इंग्रज नकाशाकाराने त्याच सुमारास टेकडीचं चित्र काढलं, म्हणून आसन कसं होतं याची निदान कल्पना येते.

१६०७ मध्ये ह्यू रॅथमलनहून जहाजात चढला आणि आयर्लंड सोडून गेला तो कायमचाच. जमिनी जप्त झाल्या, त्यांवर इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेली माणसं बसवली गेली. तो १६१६ मध्ये रोममध्ये वारला. कबरही तिथेच, सान पिएत्रो इन मोंतोरियो चर्चमध्ये.

टलीहोगला जाल तेव्हा डंगॅननही जोडून घ्या. ओ'नीलांचा वाडा तिथल्या टेकडीवर होता. माउंटजॉय चालून येतोय कळल्यावर १६०२ मध्ये तो ह्यूने स्वतःच पेटवून दिला.