गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यावे का? न्यू जर्सीहून रत्नागिरीच्या भावंडांसाठी

रत्नागिरी आणि चिपळूणला घरासाठी कर्ज घेतलेली माझी चुलत-मावस भावंडे सध्या एकच प्रश्न विचारतात: दुसरी बँक कमी व्याजदर देत असेल, तर कर्ज तिकडे न्यावे का?

अमेरिकेत हा प्रश्न घरोघरी चर्चिला जातो, कारण इथल्या बहुतेक गृहकर्जांचा दर 30 वर्षांसाठी कायम असतो. बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या अमेरिकी संस्थेच्या नोंदीनुसार या कर्जाचा सरासरी दर जानेवारी 2021 मध्ये 2.65 टक्के, तर ऑक्टोबर 2023 मध्ये 7.79 टक्के होता. दर उतरल्याचा लाभ हवा, तर नवे कर्ज काढून जुने फेडावे लागते आणि त्यासाठी कर्जाच्या साधारण 2 ते 6 टक्के खर्च येतो. म्हणून इथला जाणता माणूस आधी पाहतो, की हा खर्च किती महिन्यांत भरून निघेल आणि तोवर आपण त्या घरात राहणार आहोत का.

आपल्याकडे खर्च बराच कमी आहे. बदलत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेला दंड आकारता येत नाही. प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकिलाची फी आणि गहाणाचे मुद्रांक शुल्क मात्र द्यावे लागते. समजा, 30 लाख रुपये बाकी आहेत, मुदत 15 वर्षे उरली आहे आणि दर 9 वरून 8.25 टक्क्यांवर येतो. हप्ता 30,428 वरून 29,104 होतो. एकूण खर्च 30 हजार धरला, तर तो सुमारे 23 महिन्यांत वसूल होतो. व्यवहार चांगला आहे.

मला खरी काळजी वाटते ती मुदतीची. नवी बँक तीच रक्कम 20 वर्षांसाठी देऊ करते, हप्ता 25,562 वर येतो आणि घरात सगळ्यांना हायसे वाटते. पण जुन्या कर्जावर एकूण सुमारे 54.77 लाख भरायचे होते, ते आता 61.35 लाख होतात. दर कमी होऊनही साडेसहा लाख जास्त! अमेरिकेतही दहा वर्षे फेडलेले कर्ज पुन्हा 30 वर्षांचे करून घेणारे याच वाटेने जातात.

कोकणात आणखी एक अडचण असते. वडिलोपार्जित जागेच्या सातबाऱ्यावर मुंबईकर काका-आत्यांसह अनेकांची नावे असतात आणि नव्या बँकेचा वकील सगळी कागदपत्रे मुळापासून तपासतो. म्हणून आधी आपल्याच बँकेत दर कमी करण्यासाठी लेखी अर्ज करावा. कर्ज ऑक्टोबर 2019 पूर्वीचे असेल, तर ते रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी, जोडलेले नसण्याची शक्यता मोठी आहे आणि थोडे शुल्क भरून ते जोडून मिळू शकते. दर उतरल्यावरही 30,428 चाच हप्ता चालू ठेवला, तर वरच्या उदाहरणातले कर्ज जवळपास 14 महिने आधी फिटते. हंगामानंतर आंब्याच्या पैशातला काही भाग मुद्दलात भरला, तर त्याहूनही लवकर.