अंदाजे तरी सांगा ना मॅडम

सोमवारी स्किन ओपीडीला मरणाची गर्दी असते, त्यात एक नवरा-बायको नंबर आला तरी मागच्याला पुढे जाऊ देत बाकावर बसून राहिले. असल्या दुखण्याचे पेशंट हमखास शेवटीच आत येतात. ती पाचव्या महिन्यातली. त्याने तिलाच पुढे केलं, "हिला खाली मस आलेत."

तपासलं तर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे बारीक कोंब, जेनायटल वॉर्ट्सच, म्हणजे गुप्तांगावरचे मस. म्हणलं आता तुम्ही दाखवा. आधी तयारच होईना, शेवटी दाखवलं तर कातडी काळी पडून सोललेली, पायाच्या भोवरीचं औषध मेडिकलमधून आणून हा पठ्ठ्या गुपचूप तिथे लावत होता! बायकोला पत्ताच नाही.

ती भडकलीच. घरी सासूबाई रोज "माहेराहून आणलंस" म्हणून ऐकवत होत्या आणि हा गप्प. "अहो, तुम्हाला माझ्या आधीपासून आहे ना?" मला तिची बाजू घ्यावीशी वाटली, पण खरं ते सांगावं लागलं की त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. हे मस आणणारा व्हायरस म्हणजे एचपीव्ही, त्यातही बहुतेक वेळा टाइप 6 नाहीतर 11, कातडीला कातडी लागून पसरतो आणि कोंब यायला आठवडे, महिने, कधी वर्षंही लागतात. कोणाकडून आलं ते कुठलीच टेस्ट सांगत नाही. तो तरी, "अंदाजे तरी सांगा ना मॅडम."

दोघांची व्हीडीआरएल (सिफिलीसची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही केली कारण सिफिलीस या गुप्तरोगाचे चट्टेही कधीकधी असेच दिसतात. निगेटिव्ह आली. पोटात बाळ असल्याने पोडोफायलिन हे मसांवर लावायचं औषध बाद, मग आजूबाजूला व्हॅसलीन लावून कोंबावर टीसीए ॲसिडचा ठिपका, बघता बघता पांढरं पडतं, थोडा वेळ आग होते. नवऱ्याची जखम भरल्यावर त्याला क्रायो, म्हणजे कोंब गोठवून काढणं, करू म्हणलं. गेले तरी पहिल्या तीन महिन्यांत परत येऊ शकतात, कंडोमने धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही, हेही सांगितलं. आणि वॉर्ट्स आहेत म्हणून सिझर करायचं नसतं, वाटच अडली तर गोष्ट वेगळी.

जाताना तिने एचपीव्हीच्या लसीचं विचारलं. आलेले मस लसीने जात नाहीत आणि प्रेग्नन्सीत ती देतही नाही. पण तिची बहीण सतरा वर्षांची, तिच्यासाठी पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ही लस लिहून दिली, पंधराच्या पुढे तीन डोस, 6 आणि 11 दोन्ही त्यात आहेत. तेवढ्यात नवरा म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाला चालेल?" म्हणलं 26 पर्यंत मुलांनाही चालते, घेऊन या.