गुलाबी ट्यूब घेऊ का?

दर रविवारी पहाटे सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सायकलला हवा भरत असते. वॉचमनकाका विचारतात, "परवाच भरलीत ना मॅडम, पंक्चर आहे का?" सायकलवाले मित्र दुसरं विचारतात: लॅटेक्सच्या गुलाबी ट्यूबा खरंच घ्याव्यात का? आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. बहुतेकांना मी नको म्हणते. स्वतः मात्र गेली काही वर्षं त्याच वापरते.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूला या झाडांच्या बागा आहेत. नेहमीची काळी ट्यूब ब्यूटाइलची, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या रबराची. ते अमेरिकेत १९३७ साली निघालं. त्याआधी ट्यूबा नैसर्गिक रबराच्याच असत, आणि त्यातून हवा झिरपायचीच. माझ्या ट्यूबेत रात्री ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले तर सकाळी काटा ७५ च्या आसपास दिसतो. पंक्चर नाही, स्वभाव आहे तिचा.

मग घ्यायची कशाला? चाक फिरताना टायरबरोबर ट्यूबही दर फेऱ्याला दबते आणि पुन्हा फुगते. ब्यूटाइल या खटाटोपात थोडी ताकद गिळतं, लॅटेक्स तीच बरीचशी परत देतं. शर्यतीच्या वेगात दोन चाकांचे मिळून काही वॉट वाचतात. वजनही थोडं कमी: २५ मिलिमीटरच्या टायरची साधी ट्यूब शंभर ग्रॅमच्या वर भरते, ही ऐंशीच्या आसपास. पण खरं सांगू? मला वॉट कळत नाहीत. खडबडीत डांबरावर हँडलची झिणझिण कमी होते, ती कळते. त्यासाठी साध्या ट्यूबच्या तीन-चारपट पैसे मोजायचे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. टायर जाड, स्वस्तातला असेल तर आधी टायर बदला.

बसवताना मात्र घाई नको. माझी पहिली ट्यूब मी दहा मिनिटांत बसवली आणि रात्री ती हॉलमध्ये सुतळी बॉम्बसारखी फुटली. टायरच्या कडेखाली चिमटली होती. आता आधी रिम टेपवरून, म्हणजे रिमच्या आतली स्पोकची भोकं झाकणाऱ्या पट्टीवरून, बोट फिरवते. कुठे भोक उघडं किंवा कड धारदार असेल तर हे मऊ रबर तिथे शिरतं आणि फाटतं. मग ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळायची, दोन फुंका हवा भरून आकार द्यायचा आणि टायर शक्यतो हातानेच चढवायचा. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर दाबत एक फेरी मारायची. कडेखाली कुठेही ट्यूब दिसता कामा नये.

कार्बनची रिम आणि तिच्यावरच घासणारे ब्रेक असतील तर लॅटेक्सच्या वाटेला जाऊ नका. सिंहगडावरून ब्रेक दाबत उतरताना रिम चांगलीच तापते, आणि लॅटेक्सला उष्णता सोसत नाही. तेलाचंही तसंच. चेनला तेल लावलेल्या हातांनी मी ट्यूबला शिवत नाही. सुटी ट्यूब पूड लावून अंधाऱ्या कपाटात ठेवते, उन्हात ती चिरते.

पंक्चर काढायला जुन्या लॅटेक्स ट्यूबचाच तुकडा कापून सोल्युशनने चिकटवते, तो ट्यूबबरोबर ताणला जातो. पण हे घरी, निवांत. रस्त्यात कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने चाक फुगवलं, तर तो वायू लॅटेक्समधून हवेपेक्षाही लवकर निसटतो. म्हणून सीटखालच्या पिशवीत माझी सुटी ट्यूब काळीच असते, ब्यूटाइलची. ऑफिसला जायच्या सायकलमध्येही तीच. तिच्यात शेवटची हवा कधी भरली, ते मला आठवत नाही.