सातव्यात माहेरी जाताना बीपीची वही सोबत न्या

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरीच, ह्यात कुणाचं दुमत नसतंय. आणि बेळगाव-खानापूर भागातल्या कितीतरी सुनांचं माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजकडं, म्हणजे सासर कर्नाटकात आणि माहेर महाराष्ट्रात. डोहाळजेवण झालं, ओटी भरली, की पोरगी गाडीत बसते आणि शिनोळीची बॉर्डर ओलांडून पलीकडं जाते. सोयरिकीला बॉर्डर कधी आडवी आली नाही, पण दवाखान्याच्या कागदाला येते. हितं पीएचसीत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, गरोदर बाईच्या तपासण्या लिहायचं तायी कार्ड मिळतं, ते छापलेलं कन्नडमध्ये, तिकडं गेलं की कार्ड वेगळं, आशाताई वेगळी, डॉक्टर वेगळे. आणि नेमकं ह्याच शेवटच्या तीन महिन्यांत बीपी वाढायचं जास्त भ्या असतंय.

माझं तसंच झालं. सुरवातीला सगळं नॉर्मल होतं, सातवा लागता लागता १४०/९० च्या वर गेलं, चार तासांनी परत बघितलं तरी तेच. डॉक्टर मॅडमनी लगेच लघवी तपासायला पाठवलं, प्रोटीन जातंय का बघायला, आणि रक्ताच्या टेस्ट पण केल्या. मला काही म्हणजे काही होत नव्हतं हो, डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, आणि हेच लोकांना पटत नाही, की त्रास नसताना गोळी कशाला. मॅडमनी सांगितलं ते मला पटलं: गरोदरपणातल्या ह्या बीपीचं मूळ बऱ्याचदा वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात असतंय, वारेला रक्त नेणाऱ्या नसा सुरवातीला नीट रुंद झाल्या नाहीत की पुढं आईचं बीपी चढतं, मग किडनी, लिव्हर, मेंदू सगळ्यावर ताण येतो आणि पोटातलं बाळ पण नीट वाढत नाही. म्हणून २० आठवड्यांनंतर बीपी वाढलं की ते टेन्शननं वाढलंय म्हणून सोडून द्यायचं नसतंय.

गोळी लॅबेटालॉलची चालू झाली. काहींना निफेडिपिन देतात, काहींना मिथाइलडोपा, दम्याचा त्रास असेल तर लॅबेटालॉल सहसा देत नाहीत, ते आधीच सांगायचं. पण घरात सासऱ्यांची बीपीची गोळी आहे म्हणून तीच घेऊ नका गे बायांनो! टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ह्या गोळ्या पोटातल्या बाळाच्या किडनीला घातक असतात. ज्यांना लग्नाआधीपासून बीपी आहे त्यांनी तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्यावी. आणि ज्यांना मागच्या खेपेला असा त्रास झालाय त्यांना १२ आठवड्यांनंतर कमी डोसची ॲस्पिरिन देतात, ती पण डॉक्टरांनी सांगितली तरच.

आता वहीचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. मॅडम म्हणाल्या मशीन घ्या आणि साधी वही करा, तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी कुठली आणि किती. कन्नड असो मराठी असो, आकडे कुठल्याही डॉक्टरला कळतात. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीला, लगेच आधी चहा प्यायचा नाही आणि मोजताना बोलायचं नाही. आमच्या घरात हे शेवटचं सगळ्यात अवघड, मी पट्टा बांधला की आईला सगळ्या गावाच्या गोष्टी आठवायच्या.

मीठ एकदम बंद कर असं शेजारच्या काकूंपासून सगळ्यांनी सांगितलं. मॅडम म्हणाल्या अळणी जेवायची गरज नाही, लोणचं-पापड-खारवलेल्या मिरच्या आवरा, पोटभर जेवा. दिवसभर पलंगावर पडून राहायला पण त्यांनी सांगितलं नाही.

चंदगडला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी वही उघडली आणि एका बघण्यात त्यांना कळलं की आठवडाभर आकडा वर सरकतोय, त्यांनी डोस वाढवला आणि सरळ सांगितलं की बाळंतपण बेळगावला मोठ्या दवाखान्यात करा. आई म्हणाली, "आठव्यात वेस ओलांडायची नसते गे." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मावशी, आता नेलं तर गाडीत बसून जाईल, उशीर केला तर ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागंल." आईनं त्याच दिवशी पिशवी भरली. ३७ आठवडे झाल्यावर कळा आणायची औषधं देऊन बाळंतपण झालं, लेक आता अंगणवाडीत जाते.

आपल्या बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ मध्ये क्लिप नावाचा मोठा अभ्यास झाला होता, आशाताई आणि नर्सताई मोबाइलवरच्या ॲपची मदत घेऊन घरोघरी गरोदर बायांचं बीपी बघायच्या, गरज असली तर पहिली गोळी देऊन पुढं पाठवायच्या. तेवढ्यानं मृत्यू आणि गुंतागुंत कमी झाली असं काही दिसलं नाही. मी वाचलं तेव्हा वाईट वाटलं, पण मला त्याचा अर्थ असा लागतो की मोजणं ही पहिली पायरी, पुढं गाडी, रस्ता, दवाखान्यात तयारी आणि घरच्यांचा होकार, हे सगळं लागतं. म्हणून डोहाळजेवणाची तारीख धरताना हे पण ठरवा: तिकडं कुठल्या डॉक्टरकडं दाखवायचं, रात्री कुणाची गाडी येईल, पावसाळ्यात कुठला रस्ता बंद होतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, ती दोन्हीकडं असते, चुकवू नका.

आणि ही लक्षणं आई-सासूला पण सांगून ठेवा. पाय थोडे सुजणं खूप जणींना होतं, पण तोंड आणि हात अचानक सुजले, अंगठी निघेना, डोकं थांबायचं नाव घेईना, डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमकल्यागत झालं, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखायला लागलं तर ते पित्त म्हणून जिरं-सोडा देत बसू नका, दृष्ट काढत बसू नका, लगेच निघा. १६०/११० दिसलं तर काही त्रास नसला तरी निघा, १०८ ला फोन करा. झटके येऊ नयेत म्हणून दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, ते वेळेत मिळालं तर जीव वाचतो.

बाळ झालं की संपलं असं पण नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी परत चढू शकतं, म्हणजे घरी येऊन शेक-शेगडी, धुरी चालू असते तेव्हाच, आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडं असतं. त्या दिवसांत पण मोजा, अंगावर पाजतेय म्हणून गोळी मनानं बंद करू नका, पाजताना चालणाऱ्या गोळ्या असतात. माझी गोळी दीड-दोन महिन्यांत हळूहळू बंद झाली, तरी अशा बायांना पुढं बीपी आणि हृदयाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते म्हणून मी अजून वर्षातनं एकदा तपासते, त्याच वहीत लिहिते.