ब्लॅक पँथरचे कागद पाहायला ओकलंडला जाताय? आधी भिंग घ्या

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या आसपासच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात कुणी प्लॅस्टिकच्या पाकिटातला ‘द ब्लॅक पँथर’चा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाच्या वर्तमानपत्राचा, अंक पुढे करून दोनशे डॉलर मागितले, तर पाकीट उघडायला लावा. उघडू देत नसेल तर तिथून सरळ निघा. मला दाखवला तो अंक नकली होता, आणि विकणारा शपथेवर सांगत होता की त्याच्या काकाने 1969 साली तो रस्त्यावर घेतला. अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून आधी हेच लिहिते.

असली-नकली ओळखायची रीत सोपी आहे, घड्याळजी वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग मात्र हवं. या वर्तमानपत्राची चित्रं आणि मांडणी एमरी डग्लस करायचे. पक्षाचे ते सांस्कृतिक मंत्री, सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात कमर्शियल आर्ट शिकलेले. पक्षाकडे पैशांची कायम ओढाताण, त्यामुळे काळ्या शाईच्या जोडीला बहुतेक वेळा एखादाच रंग. कधी नारिंगी, कधी हिरवा, कधी निळा. जाड काळ्या रेषा आणि मागे रंगाचा सपाट पट्टा, ही त्यांच्या पानांची ओळख या काटकसरीतूनच आली आहे. म्हणजे मूळ अंकातला नारिंगी हा नारिंगी शाईचाच असणार. भिंगाखाली तो एकसंध दिसेल, नाहीतर एकाच रंगाच्या ठिपक्यांचा दिसेल. आता नकली पाहा. स्कॅन करून आजच्या चाररंगी यंत्रावर काढलेला असतो, त्यामुळे त्याच नारिंगीत गुलाबी आणि पिवळे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात, मधूनच निळाही डोकावतो. काळी अक्षरंही कडेला फुटलेली असतात. कागदाचा पिवळेपणाही बघा. खरा न्यूजप्रिंट कडेला आणि घडीवर जास्त करपतो, आत कमी. सगळं पान सारखंच तपकिरी असेल तर तो पिवळेपणा छापलेला तरी आहे किंवा मुद्दाम आणलेला तरी.

मी भिंग लावल्यावर दोनशेचे एकशेवीस झाले, मग साठ. घासाघीस मी केलीच नव्हती. किंमत अशी आपोआप उतरायला लागली की समजायचं, मालाबद्दल विकणाऱ्यालाही खात्री नाही. बिल्ल्यांचं तर विचारूच नका. ‘फ्री ह्यूई’चे, म्हणजे पक्षाचे एक संस्थापक ह्यूई न्यूटन यांना तुरुंगातून सोडा असं सांगणारे बिल्ले आजही नवे बनतात आणि ‘साठच्या दशकातले’ म्हणून खपवले जातात. माझं स्पष्ट मत: बाजारातून काहीही घेऊ नका. हा पेपर पक्षाची पोरं-पोरी चौकाचौकात उभी राहून 25 सेंटला विकत होती. त्याच्या नकलेला दोनशे मोजणं हा त्या पोरांचाच अपमान आहे. न्यूयॉर्कमध्ये वितरणप्रमुख सॅम नेपियर यांचा एप्रिल 1971 मध्ये पक्षातल्या फुटीच्या काळात खून झाला, या पेपरच्याच वितरण कार्यालयात. एवढं ज्याच्या मागे आहे तो कागद खोट्या काकाच्या नावावर विकला जातो, याचा मला अजूनही राग येतो.

खरे कागद फुकट पाहायला मिळतात. डाउनटाउन ओकलंडमध्ये 14व्या रस्त्यावर आफ्रिकन अमेरिकन म्युझियम अँड लायब्ररी आहे, 1902 सालच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत. बार्ट या तिथल्या लोकल रेल्वेच्या 12व्या रस्त्याच्या स्थानकावरून चालत जाता येतं. संग्रहातले कागद बघायचे तर आधी लिहून वेळ ठरवा. नुसतं दारात जाऊन ‘पँथरचं काय आहे ते दाखवा’ म्हणू नका, कोणता अंक, कोणतं साल, हे घेऊन जा. तिथून जवळच ब्रॉडवेवर 2024 साली उघडलेलं ब्लॅक पँथर पार्टी म्युझियम आहे. ते चांगलं आहे, सोपं आहे, मुलांना घेऊन जा. बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयातही त्या काळातल्या आंदोलनांची पत्रकं आहेत, तिथलाही दिवस सुखाचा गेला.

सुखाचा अजिबात नव्हता तो स्टॅनफर्डचा रस्ता. ह्यूई न्यूटन फाउंडेशनचा मोठा संग्रह तिथल्या ग्रीन ग्रंथालयात आहे, त्यामुळे टाळता येत नाही. ओकलंडहून कसं जायचं, हे ज्याला विचारलं त्याने मिलब्रे सांगितलं: बार्टने खाडीखालून सॅन फ्रान्सिस्को, तिथून दक्षिणेला मिलब्रे, मग कॅलट्रेनने पालो अल्टो, मग विद्यापीठाची बस. नकाशावर सरळ दिसतं. प्रत्यक्षात अख्ख्या खाडीला वळसा आहे. मिलब्रेच्या फलाटावर वारा खात बसून राहिले तेव्हा वाचनाची ठरलेली वेळ हातातून निघून चालली होती. तसं करू नका. बार्टने युनियन सिटीला उतरा आणि तिथून डंबार्टन एक्स्प्रेस बस धरा. ती पुलावरून खाडी ओलांडून थेट पलीकडे नेते. कामाच्या दिवशीच मिळते, आणि वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. फ्रीमाँटला आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, कुणाकडे उतरला असाल तर तिथून हाच रस्ता आणखी जवळ पडतो.

तिथे पोचल्यावर आणखी एक धक्का बसतो. खोकी कोठारातून मागवावी लागतात, म्हणून नोंदणी आणि मागणी काही दिवस आधीच करा. पिशवी बाहेर, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. आणि रंगीत पोस्टरांच्या आशेने गेलात तर निराश व्हाल. पत्रव्यवहार, कोर्टाचे कागद, कार्यालयीन टिपणं, हाच ऐवज जास्त. दमलेल्या अंगाने पहिलं खोकं उघडलं तेव्हा मी वैतागले होते. दुसऱ्या खोक्यापर्यंत वैताग गेला. मोफत न्याहारीचा कार्यक्रम जानेवारी 1969 मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये सुरू झाला, हे आपण पुस्तकात एका ओळीत वाचतो. त्या एका ओळीमागे किती टंकलिखित कागद लागतात, ते खोकी उघडल्यावर कळतं.

पत्रकं पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, बहुतेक पत्रकांवर साल नसतं. ‘शनिवार, 14 जून, दुपारी 2’ एवढंच असतं. वार आणि तारीख जुळवून कोणती सालं बसतात ते काढा, फोनवरचं जुनं कॅलेंडर पुरतं. पक्षाचे दुसरे संस्थापक बॉबी सील 1973 मध्ये ओकलंडच्या महापौरपदासाठी उभे होते, त्या प्रचाराचे कागद त्यामानाने लगेच ओळखू येतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पँथरच्या नावाचा प्रत्येक कागद पँथरचा नाही. सॅन डिएगोत एफबीआयने पँथर आणि ‘यूएस’ ही दुसरी कृष्णवर्णीय संघटना यांच्यात वैर भडकवायला खोटी व्यंगचित्रं काढून वाटली, हे अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीने 1976 च्या अहवालात नोंदवलं आहे. म्हणजे हातातला कागद त्या काळातला अस्सल असू शकतो आणि त्यावरची सही खोटी असू शकते. भिंगाने हे कळत नाही. कोणत्या संग्रहातून आला, कुणाकडून आला, ते विचारावंच लागतं.

आणि पक्षाच्या चिन्हातला तो झेप घेणारा काळा बिबट्या! तो ओकलंडचा नाहीच. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत 1966 च्या निवडणुकीसाठी कृष्णवर्णीयांनी स्वतःचा पक्ष काढला, त्याचं हे निवडणूक चिन्ह. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा होतं. ज्यांना शाळेपासून लांब ठेवलं त्यांना मत कुठे द्यायचं ते चित्रावरून कळावं, हा हेतू आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्या साली ऑक्टोबरात न्यूटन आणि सील यांनी ओकलंडला पक्ष काढला तेव्हा बिबट्या तिकडून घेतला.

वेस्ट ओकलंडमध्ये सेंटर स्ट्रीटवर पक्षातल्या स्त्रियांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे, बार्टच्या स्थानकावरून पायी जाता येतं. जरूर जा, दिवसाउजेडी जा.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते पहिल्या अंकाने. 25 एप्रिल 1967, चार पानं, सायक्लोस्टाइल. रिचमंडजवळ डेन्झिल डॉवेल या तरुणाला पोलिसांनी गोळी घातली, तो का मारला गेला, असा सरळ प्रश्न मथळ्यात. रेषा वाकड्या, टाइप फिकट. आपल्याकडची साठोत्तरीची लघुअनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हा कागद अनोळखी वाटणार नाही. मुंबईत 1972 साली दलित पँथर उभी राहिली ती याच नावाने, आणि 1973 च्या तिच्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरशी नातं उघड सांगितलं आहे. ओकलंडचे कागद आज थंड खोलीत, आम्लमुक्त खोक्यात आहेत. वरळी-नायगावच्या किती चाळींत आपल्या पँथरची पत्रकं माळ्यावर गुंडाळून पडली असतील! तुमच्या घरी असतील तर रद्दीत घालू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्याने कागद कायमचा जातो. सपाट ठेवा, स्टेपलर-पिना काढा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आणि तळाशी ‘मुद्रक’ म्हणून छापखान्याचं नाव आहे का ते वाचून लिहून ठेवा. आपल्या कायद्याने ते छापावंच लागायचं, त्यामुळे बऱ्याच कागदांवर ते सापडेल.