काळ्या गाड्यांवर उभं राहिलेलं वर्कशॉप : आमची वाटचाल

गाड्यांचा रंग पॉलिश करायच्या या धंद्यात मुरलेली माणसंसुद्धा काळी गाडी आत वळताना दिसली की दुसऱ्या कामात डोकं घालतात. पांढऱ्या किंवा रुपेरी गाडीवर जे खपून जातं ते काळ्यावर खपत नाही. आम्ही पहिल्यापासून काळ्या गाड्यांचंच काम मागून घेतलं आणि आज आमचं जे काही नाव आहे ते त्याच कामाचं आहे. मध्यंतरी हे नाव पुसून टाकायचा पुरेपूर प्रयत्न झाला. त्याबद्दल आजवर गप्प राहिलो, पण आमची वाटचाल लिहायची तर ते वगळून लिहिता येणार नाही.

सुरुवात दोघांनी केली. मी गाड्या धुवायचो आणि माझे भागीदार बॉडीशॉपमध्ये स्प्रे गन चालवायचे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो. आयुष्यभर रंग मारल्यामुळे रंगाचे थर त्यांच्या हाताला माहीत होते. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ कोट, सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं आणि त्यातला क्लिअर जेमतेम ३५ ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज करा. स्वर्ल मार्क्स, म्हणजे उजेडात जाळ्यासारखे दिसणारे बारीक ओरखडे, असतात ते याच क्लिअरमध्ये आणि काढायचे तेही क्लिअरच घासून. मिस्त्री सुरुवातीपासून बजावत आले, "काढलेला क्लिअर परत येत नाही रे. लागेल तेवढाच काढ."

म्हणून आमची पहिली मोठी खरेदी मशीनची नव्हती, रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरची होती. लोकांनी वेड्यात काढलं. एक रोटरी, म्हणजे पॅड नुसतं गोल फिरवणारी पॉलिशची मशीन, मिस्त्रींकडे आधीपासून होतीच, जुनी आणि जड. तिच्यावर लोकरी पॅड लावून ते बॉनेटवर असे फिरायचे की नुसत्या आवाजावरून कळावं, आता दाब कमी केला, आता कडेजवळ आले. कडा आणि बॉडीलाइनवर ते आजही टेप लावल्याशिवाय मशीन टेकवत नाहीत, कारण क्लिअर तिथेच सगळ्यात पातळ बसलेला असतो आणि पॅडचा दाबही तिथेच एकवटतो. रोटरीनं कापलं जातं झपाट्यानं, पण काळ्यावर ती होलोग्राम सोडते. उन्हात गाडी फिरवली की चकाकत्या पट्ट्या पॅनलवर सरकताना दिसतात. मग डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीन घेतली, १५ मिलिमीटर थ्रोची, म्हणजे पॅड फिरताना तेवढं इकडेतिकडे हलणारी. पुढे बॉनेट आणि छतासाठी २१ ची घेतली आणि पिलर व आरशांसाठी लहान पॅडची. डीएचं पॅड फिरता फिरता डगमगतं, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि घासल्याची एकच दिशा उमटत नाही. ते मशीन हातात आल्यावर मिस्त्री दोन-तीन पॅनल गप्प काम करत राहिले आणि मग म्हणाले, "हे आपल्या काळ्यासाठीच बनवलंय."

सगळे काळे रंग सारखे नसतात, हे इथे सांगायलाच हवं. काही गाड्यांचा क्लिअर इतका मऊ असतो की कोरडं फडकं नुसतं फिरवलं तरी ओरखडा उठतो. कंपाउंडनं, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशनं, स्वर्ल चटकन जातात, पण मागे धूसर झाक राहते. तिथे मऊ फिनिशिंग पॅड, बारीक पॉलिश, मशीनचा वेग कमी, हाताचा दाब जवळजवळ नाही आणि प्रत्येक सेक्शननंतर पॅड साफ. उलट काही क्लिअर दगडासारखे कडक. २००३ च्या अखेरीस मर्सिडीजनं सिरॅमिक नॅनोकण असलेला क्लिअर आणला. त्या गाड्यांवर फोम पॅड नुसतं फिरत राहतं, मायक्रोफायबर किंवा लोकरी पॅडच घ्यावं लागतं. म्हणून गाडी आली की आधी बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा टेस्ट स्पॉट. पॅड आणि पॉलिशच्या सगळ्यात सौम्य जोडीनं सुरुवात करायची आणि तिनं भागलं नाही तरच एक पायरी वर जायचं. यात वेळ जातो. आमचे ग्राहक तो देतात.

आता त्या प्रकरणाकडे येतो.

पॅड धुण्यापासून सुरुवात करून डीए हातात घेईपर्यंत आमच्याकडेच शिकलेल्या एका मुलानं स्वतःचं काम सुरू केलं. त्याबद्दल तक्रार नाही, शिकलेल्यानं पुढे जावंच. पण तो काळी गाडी दोन तासांत करून देतो म्हणू लागला. मिस्त्रींनी ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दोन तासांत तर टेप लावून होत नाही." त्याची पद्धत आम्हाला दुसऱ्या दिवशीच कळली. जाड कंपाउंड आणि लोकरी पॅड एकदा फिरवायचं, पुढची फिनिशिंगची पायरी गाळायची आणि वरून फिलरवालं ग्लेझ चोपडायचं. ग्लेझ ओरखड्यांत जाऊन बसतं आणि गाडी आरशासारखी दिसते. डिलिव्हरी संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. ट्यूबलाइटचा पसरलेला उजेड स्वर्ल झाकतो. ते दिसतात ते एका ठिकाणाहून येणाऱ्या उजेडात, म्हणजे ऊन किंवा टॉर्च. चार धुण्यांत ग्लेझ निघून जातं आणि खालचे ओरखडे होलोग्रामसकट वर येतात.

आमचं निम्म्याहून जास्त काम तेव्हा जुन्या गाड्या विकणाऱ्या एका डीलरकडून येत होतं. गाडी विकेपर्यंत चमकली की त्याला पुरे होतं, त्यामुळे तो तिकडे गेला. जाताना आमची थकलेली बिलं तशीच ठेवली. ती आजतागायत आलेली नाहीत आणि आता येतील असंही वाटत नाही. हेही सोसलं असतं. पण पाठोपाठ बाजारात एक वाक्य फिरू लागलं की आम्ही पेंट खातो. मशीननं गाडीचा रंग खरवडून काढतो, दोन वर्षांत पत्रा दिसेल, वगैरे. स्वतः रोटरी चालवणारा माणूस ग्राहकांना "आम्ही हातानंच ट्रीटमेंट करतो" म्हणून सांगत होता. ठरलेली कामं रद्द होऊ लागली. ओळखीच्या माणसांनी फोनवर विचारलं, "खरं आहे का हो?" ज्यानं रोज मीटर धरून काम केलं त्याला हा प्रश्न कसा लागतो ते कोणत्याही कारागिराला विचारा.

२१ ची मशीन विकली. मदतीला ठेवलेल्या दोघांना हात जोडून दुसरीकडे पाठवलं. लाइटचे स्टँड विकायला काढले होते, गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून वाचले. भाडं थकलं. त्या काळात मिस्त्री संध्याकाळी लवकर निघायचे. घरी काही अडचण असेल असं मी समजत होतो. मालक भाड्याची पावती द्यायला आले तेव्हा कळलं की मिस्त्री पुन्हा बॉडीशॉपमध्ये रात्रपाळीला स्प्रे मारत होते आणि ते पैसे परस्पर भाड्यात भरत होते. मी विचारलं तर म्हणाले, "वर्कशॉप दोघांचं आहे ना?" त्यावर पुढे आमचं कधी बोलणं झालं नाही.

आम्हाला बाहेर काढलं ते सरांनी. सर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, गाडी काळी सेडान, आमच्या अगदी पहिल्या ग्राहकांपैकी. स्वर्ल गोल का दिसतात हे आम्हाला त्यांनीच समजावलं. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याच्या उजेडाला आडवे पडलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं वाटतं. दिवा सरकवला की जाळंही सरकतं. खालचा काळा रंग उजेड गिळतो, त्यामुळे ओरखड्यावरून उसळलेला उजेड त्यावर उठून दिसतो. पांढऱ्यावर तोच ओरखडा असतो, दिसत नाही इतकंच.

आमच्याकडे प्रत्येक गाडीची नोंद वहीत असते, प्रत्येक पॅनलवर ठरलेल्या जागी आधीचं आणि नंतरचं रीडिंग. सरांनी स्वतःच्या गाडीचं पान काढायला सांगितलं. बॉनेटच्या मध्यावर आधी १२१, करेक्शननंतर, म्हणजे स्वर्ल घासून काढल्यावर, ११८. म्हणजे तीन मायक्रॉन. त्यानंतर दर वर्षी ११८च्या आसपासच, मीटरचा एक-दोन मायक्रॉनचा फरक धरून. एकदाच मशीन लावली होती, पुढची सगळी वर्षं सरांनी नीट धुऊन काढली. सर म्हणाले, "हे वहीत कशाला ठेवता? बिलावर छापा. आणि मीटर ग्राहकाच्या हातात द्या."

तसंच केलं. शिवाय अर्ध्या बॉनेटची चाचणी सुरू केली. कुठूनही पॉलिश करून आणलेली काळी गाडी आली की मध्ये टेप लावायचा, एका बाजूला पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसायचं आणि टॉर्च ग्राहकाकडे द्यायचा. तेल आणि फिलर उतरले की खाली काय आहे ते त्याचं त्यालाच दिसतं. आम्ही काही बोलत नाही, कुणाचं नावही घेत नाही. सरांनी आपल्या ओळखीतल्या काळ्या गाड्या एकेक करून पाठवल्या, त्यांनी पुढच्या पाठवल्या. विकलेली मशीन पुन्हा आली. नंतरची वर्षं नीट गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. तो डीलर मात्र परत आला नाही, आणि "पेंट खातात" हे वाक्य अजूनही अधूनमधून कानावर येतं. त्या मुलाच्या बिलावर हल्ली रीडिंगचे रकाने असतात, आमच्याच क्रमानं छापलेले. आमच्याकडे आलेल्या त्याच्या बिलांवर ते कोरे होते.

एवढं वाचलंत तर काळ्या गाडीच्या मालकांना चार गोष्टी सांगतो. स्वर्ल रस्त्यावर पडत नाहीत, ते धुताना आणि पुसताना पडतात. सकाळी कोरड्या कापडानं धूळ झटकणं आधी बंद करा. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतला क्वार्ट्झ क्लिअरपेक्षा कितीतरी कडक असतो. आधी फोम मारा, थांबा, पाण्याच्या जोरानं माती उतरवा, हात त्यानंतरच लावा. बादल्या दोन ठेवा, एकीत शाम्पू, दुसरी हातमोजा खळबळायला, दोन्हींच्या तळाशी जाळी. स्पंज नको, मायक्रोफायबरचा मोजा घ्या. छतापासून खाली या आणि चाकांसाठी मोजा वेगळा ठेवा. फिरत्या ब्रशांच्या मशीनमध्ये काळी गाडी घालू नका, आधीच्या गाडीची माती त्या ब्रशात असते. जमिनीवर पडलेलं मायक्रोफायबर रंगाला पुन्हा लावायचं नाही. ते धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घातलं तर धागे बुजतात आणि कापड पाणी ओढत नाही.

सिरॅमिक कोटिंगवर ९एच लिहिलेलं असतं. ती पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाची मोजणी आहे, त्यावरून ओरखडे पडणारच नाहीत असं समजू नका. मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा थर तो. त्यानं माती कमी चिकटते आणि धुणं सोपं होतं, त्यासाठी जरूर करा, पण स्वर्ल काढून मगच, नाहीतर ते खाली तसेच दिसत राहतात. खरोखर आडोसा हवा असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. ती फिल्म दीडशे-दोनशे मायक्रॉनची असते आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हानं किंवा गरम पाण्यानं भरून येतात. नखाला अडकणारा ओरखडा दिसला तर तो पूर्ण काढून द्या असा हट्ट कुणाकडे धरू नका. तो क्लिअरच्या तळाशी पोचलेला असू शकतो. आम्ही अशा ओरखड्याच्या कडा गोलसर करून तो नजरेआड करतो आणि थांबतो. रीडिंग कमी आलं, तर आम्ही गाडी मशीन न लावता परत देतो आणि कारण बिलावर लिहितो.

कव्हरचंही विचारतात. धुतलेल्या, पूर्ण कोरड्या गाडीवर, बंद जागेत, आतून मऊ असलेलं कव्हर चालेल. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं हलतं आणि रात्रभर घासतं.